पिल्लू परत येतं का?

ता. ३, मंगळवार

आणि वर म्हणे, "झाडूच मारायचा होता तर आपलं दुकान काय वाईट होतं?"

हे आज टिटवीच्या तोंडून. टिटवी म्हणजे धाकटी बहीण, आवाजावरून नाव पडलंय. पण वाक्य तिचं नाही. बाबा मागे बसून सांगतात, ती फोनमध्ये ओतते. दोन वर्षं झाली, माणूस फोन स्वतःच्या हातात घेत नाही. मी विचारतो, बाबा कसे आहेत? मागून आवाज येतो – "म्हणावं, आहे."

दुकान वाईट नव्हतंच. वजनकाटे दुरुस्त करणं वाईट कशाला असेल? पण दिवसभर त्या काट्याकडे बघत बसायचं. तो थरथरतोय तोवर बोलायचं नाही, हलायचं नाही, श्वाससुद्धा बेतानं. "काटा थांबू दे" – लहानपणापासून हेच ऐकत आलो. माझ्या पायाला भिंगरी. शाळेच्या बाकावर टिकलो नाही, तो दुकानातल्या स्टुलावर काय टिकणार? इथं निदान चालणं तरी होतं. चार पडद्यांचं थिएटर, प्रत्येक खेळ सुटला की आत शिरायचं, पुढचा खेळ लागायच्या आत चकाचक. बसायला वेळच नाही. म्हणून तर बरं वाटतं.

खरा राग वेगळाच आहे. इथं शुक्रवारी डायनासोरच्या सिनेमाचा दुसरा भाग लागतोय, आणि तो तिकडे गावी लागेल तेव्हासाठी मागितलेली माझी रजा नामंजूर. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "आधी डायनासोर जाऊ दे, मग तू जा."

टिटवीला सांगितलं. रडली नाही, किंचाळली. पहिला भाग आम्ही तिघांनी बघितला होता – मी, ती, बाबा. मी इकडे यायच्या आदल्या आठवड्यात. (आई येत नाही. अंधारात तिला गरगरतं.) दुसरा भागही एकत्रच बघायचा असं ठरलं होतं. म्हणजे मी आणि टिटवीनं ठरवलं होतं. बाबा तर पहिल्या भागातच झोपले. ऐन शेवटाला! माणसं त्या लांब मानेच्या पिल्लाला पेटीत घालून जहाजावर चढवतात, त्याची आई पाण्यात छातीपर्यंत उभी राहून बघत राहते, सगळं थिएटर मुसमुसतंय आणि आमचे तीर्थरूप डोळे मिटून गप्पगार.

ता. ६, शुक्रवार

हाऊसफुल. चारही खेळ. पायांचे तुकडे.

आमच्या कामाची गंमत अशी की आम्ही सगळ्या सिनेमांचे शेवट बघतो. सुरुवात एकाचीही नाही. खेळ सुटायच्या जरा आधी मी आणि माझा जोडीदार लंबू झाडू, पिशव्या घेऊन दारापाशी उभे राहतो. पडद्यावर शेवटची चार-पाच मिनिटं चाललेली असतात. मी किती लग्नं पाहिली असतील, किती खलनायक मेलेले पाहिले असतील! कोण कुणाचा कोण, पत्ता नाही.

तर दुसऱ्या भागाचा शेवट असा: दोन लांब मानेची जनावरं एका झाडापाशी उभी. पाला खातात. खातात. अजून खातात. मग नावं.

लंबू म्हणाला, "एवढ्यासाठी एवढा खर्च? आमची म्हैस हे फुकटात करते."

ता. ७, शनिवार

लंबूनं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं – सिनेमा कसा आहे ते पडद्यावर बघू नको, जमिनीवर बघ. भुताचा चांगला असेल तर पॉपकॉर्नचे दाणे रांगा-रांगांतून उडालेले. हसवणारा असेल तर खुर्च्या चिकट, कारण पिताना फसकन बाहेर येतं. रडवणारा असेल तर कागदी रुमालांचे गोळे. आणि पडेल असेल तर पॉपकॉर्नचे डबे अर्धे, पाऊण तसेच खुर्चीत. जीवच रमत नाही, तर खाणार काय?

डायनासोरमध्ये काल-आज डबेच डबे. भरलेले! पिशव्या उचलवेनात. लोक उठतात तेही गप्प. शिट्टी नाही, टाळी नाही, गप्पा नाहीत. तिकिटाचे पैसे वसूल करायला बसून राहिले असावेत बिचारे.

पडला. शंभर टक्के पडला.

ता. ८, रविवार

आज फोनवर एक नवल झालं.

आपल्याकडे गावी सिनेमा तीन-चार आठवड्यांनी लागतो. टिटवी तेच बोलत होती, की तू नाहीस तर मी एकटी कशी जाऊ वगैरे. मध्येच मागून बाबा – "विचार त्याला, ते पिल्लू परत येतं का."

टिटवी गप्प. टिटवी गप्प बसण्याचा प्रसंग मला तरी आठवत नाही.

"बाबा, तुम्ही झोपला होता ना?" ती म्हणाली.

"तू विचार तर."

दोन वर्षांत या माणसानं मला काही विचारलेलं नाही. आणि विचारलं ते हे. मी एकदम हुशारीत आलो. इथला माणूस ना मी, आतल्या गोटातला! म्हटलं, सांग त्यांना, सिनेमा पडलाय. लोक डबे टाकून जातायत. आणि पिल्लूबिल्लू काही येत नाही. शेवटी दोन थोराड जनावरं पाला चघळत उभी असतात, बस.

टिटवीनं ओतलं. मागून थोड्या वेळानं आवाज आला – "राहू दे मग."

आणि खुर्ची सरकल्याचा आवाज.

ता. ९, सोमवार

"राहू दे मग." दिवसभर डोक्यात तेच.

ता. १२, गुरुवार

पॉपकॉर्नवाल्या काकांशी वाजलं.

झालं असं, बाईंनी विचारलं, कचऱ्यात भरलेले डबे एवढे का? आता सिनेमा पडलाय असं आपल्याच थिएटरच्या बाईंना कसं सांगायचं? मी म्हटलं, दाणे शिळे असतील. बाई गेल्या थेट काकांकडे. काका आले थेट माझ्याकडे, हातात तो मीठ मारायचा डबा.

"माझे दाणे शिळे? अरे, समोर फुटतात ते! तुझ्या कानांत बोळे आहेत का?"

मी जमिनीची सगळी विद्या त्यांना ऐकवली. सिनेमा पडेल, म्हणून डबे भरलेले.

"तू बघितलास?"

"शेवट रोज चारदा बघतो."

"आणि आधीचा?"

"आधीचा कुठून बघणार?"

काका डबा खाली ठेवून हसायला लागले. "म्हणजे तू उष्टं ताट बघून स्वयंपाक कसा झाला ते सांगणार! अरे, पानात उरलं म्हणजे बेचवच असं कुणी सांगितलं? ताटावर बसलेल्या माणसाला मध्येच आनंदाची बातमी आली तरी तो जेवण विसरतो."

मग म्हणाले, "सोमवारी सुटी आहे ना तुला? तिकीट काढ. माणसासारखा बस. दाणे माझ्याकडून. शिळेच देतो."

टिटवीला शब्द दिला होता, एकत्रच बघायचा. पण बाबांना मी न बघताच निकाल सांगून बसलो, त्याचं काय? टिटवीला विचारलं. ती म्हणाली, "बघ. पण मला एक अक्षर सांगायचं नाही. आणि तू पाप केलंस हे मी आयुष्यभर काढणार."

चालेल. ती तशीही काहीतरी काढतेच.

ता. १६, सोमवार

बघितला. दुपारचा खेळ. इस्त्रीचा शर्ट घालून. लंबूनं दारात माझं तिकीट उलटंसुलटं करून तपासलं, "साहेब, सीट पुसून देऊ?" म्हणाला.

आता नीट लिहितो, नाहीतर उद्या विसरीन.

सुरुवात कंटाळवाणी. सूट घातलेली माणसं एका लांब टेबलाभोवती बोलतात, बोलतात. कुणाला तरी जनावरं विकायची आहेत. पहिल्या भागात एकच पिल्लू होतं, म्हणून त्याचा लळा लागायचा. इथं ढीगभर. नवीन एक लाल आहे, दातवाला. तो आला की ओरडतो, गेला की ओरडतो. कातडी म्हणजे नवी कोरी प्लॅस्टिकची बादली. मला काडीची भीती वाटली नाही. खलनायक इतका बावळट की लाल दातवाल्याच्या पिंजऱ्यावर रेलून फोन करतो. खाल्ला त्याला. बरं झालं.

पुलावरचा पाठलाग मात्र झकास. पूल मागून तुटत येतो आणि गाडी पुढे पळते, असलं शंभरदा पाहिलंय. पण इथं गाडी बंद पडते, आणि जनावरच ती ढकलतं.

आणि मग ते गोदाम. पाणी भरलेलं, दिवे गेलेले. पहिल्या भागात जिला अंडं सापडलं होतं ती मुलगी आता मोठी झालीये, ती एकटी आत. संगीत बंद. कुठंतरी श्वास ऐकू येतो. जनावराचा. एवढा मोठा श्वास की पाण्यावर लाटा उठतात. तेच पिल्लू! आता ट्रकाएवढं. सगळ्यांनी त्याला मारझोड केलेली, त्याला माणूस नको झालाय. ती हात पुढे करते आणि थांबते. ते पण थांबतं. कुणीच हलत नाही. किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या बोटांत एक दाणा होता, तोंडापासून वीतभर लांब. तसाच. मी हळूच बाजूला पाहिलं. सगळी रांग तशीच. कुणाचा हात डब्यात, कुणाचा हवेत. चारशे माणसांत एक दाणा चावल्याचा आवाज नाही.

बाबांचं दुकान आठवलं. काटा थांबेपर्यंत असंच बसायचो.

तर डबे असे भरलेले राहतात होय!

आणि शेवट. ते आपल्या दरीत परत येतं. आई म्हातारी झालीये, मान वर जात नाही, उंच फांद्यांखाली उपाशी उभी. ती त्याला ओळखत नाही. ओळखणार कशी? गेलं तेव्हा गुडघ्याएवढं होतं. मला वाटलं, आता ओरडेल, रडेल, धावेल. नाही. ते फक्त मान उंच करतं, एक फांदी खाली वाकवतं आणि तिच्यासमोर धरून ठेवतं. पहिल्या भागात तिनं त्याच्यासाठी अशीच वाकवली होती. ती हुंगते. आणि खायला लागते. तेही खायला लागतं.

इथं दार किलकिलं झालं. लंबू झाडू घेऊन उभा. म्हणजे मी रोज इथूनच पुढचं बघत होतो! दोन थोराड जनावरं पाला चघळतात. त्यातलं एक पिल्लू आहे हे मला कळणार कसं?

नावं संपली, दिवे लागले तरी मी बसून. लंबू आला. "पाय वर." माझ्याकडे बघितलं, मग माझ्या डब्याकडे. काठोकाठ भरलेला.

"काय रे, दाणे शिळे?"

"हो," म्हटलं. नाक पुसलं.

ता. १७, मंगळवार

काकांची माफी मागितली. ते म्हणाले, माफी राहू दे, बाईंसमोर एक डबा खाऊन दाखव. दाखवला. बाई म्हणाल्या, "कामावर खायचं नाही."

ता. १९, गुरुवार

फोन लावला. टिटवीला म्हटलं, बाबांना सांग, मी काटा थांबायच्या आधीच वजन सांगून बसलो. सिनेमा चांगला आहे. सुरुवातीला जरा धीर धरावा लागतो, आणि लाल दातवाला आला की खुशाल डोळे मिटून घ्या. पण बघा.

तिनं ओतायला तोंड उघडलं असेल. तेवढ्यात खडखड झालं. आणि मग फोनमध्ये श्वास. मोठा. मी ओळखला.

"हां," बाबा म्हणाले. "येतं का मग?"

"शेवट सांगत नसतात, बाबा."

"आधी तर सांगितलास."

"तो चुकीचा होता."

मी घाई केली नाही. काटा थांबू दिला.

"मी झोपलो नव्हतो तेव्हा," बाबा म्हणाले. "जहाजाच्या वेळी. नुसते डोळे मिटले होते."

मागून टिटवी – "मग घोरत कोण होतं?"

"तो पुढच्या रांगेतला," बाबा म्हणाले, आणि फोन तिच्याकडे गेला.

ता. २२, रविवार

लाल दातवाल्याचं मोठं चित्र दारावरून उतरवलं. सिनेमा आता छोट्या पडद्यावर. गर्दी ओसरली. परवा रजेसाठी बाईंना गाठतो.

ता. २५, बुधवार

रजा मिळाली. या महिन्यात घरी पैसे कमी जातील, गाडीचं तिकीट काढलं त्यात गेले. टिटवीला कळवलंय, आपल्याकडे लागला की पहिल्या रविवारच्या तीन खुर्च्या सलग घे, मधली बाबांची. त्यांना एवढंच सांग, की बाकी काही विचारू नका.

पाठवतोय – नऊशे.