तेजूचा बिल्ला माह्या कमरेले

९ मार्च, शनिवार

तेजू दवाखान्यातून घरी आली आन् छातीवरचा बिल्ला तसाच! मी म्हटलं, हे काय वं, पोलीस झाली का? तिनं कपाळावर हात मारला. "आजी, हा घरी आणाचा नसते. तिथंच टांगून ठेवाचा असते." आता सोमवारी नेते म्हणे.

कायचा आहे, इचारलं. म्हणे एक्सरेच्या किरणांसाठी. पुढं बी लई बोलली, पण तितक्यात दूध उतू गेलं. ऐकलं तेवढं मले बस झालं. किरणांसाठी — म्हणजे किरण लागू नाही म्हणून! आमच्या वक्ती लेकराच्या दंडाले काळा दोरा राहे, आता पिलास्टिकचा ताईत.

माही नात मशीन चालवते! मी आन् माह्या मैतरणीनं, रुख्मिणीनं, जन्मभर लोकायचा कापूस निंदला, आन् ही पोरगी माणसाच्या आतलं हाड पाह्यते. खुशीनं जेवण जात नाही. दोन भाकरी खाल्ल्या, पण जात नाही म्हणाची पद्धत आहे.

१० मार्च, रविवार

कंबर लई दुखते म्हणून एक्सरेचा फोटो काढला. तेजू म्हणे, मंगळवारी माह्या दवाखान्यात ये, पहिले डॉक्टरची चिठ्ठी घे. एवढा धीर कोणाले! बाजारातल्या सेंटरात रुख्मिणीचा मोतीराम फोटो काढते. आपलाच पोरगा, चिठ्ठी मागत नाही.

तेजू झोपली होती. तिचा बिल्ला उचलला. दुखणं कमरेत, त ताईत बी कमरेलेच पाहिजे — निऱ्यात खोसला.

"मावशी, अंगावर लोखंड, सोनं काई?" मोतीराम.

"सोनं असतं त तुह्याकडं आली असती का?"

फोटो निंघाला. हाडाच्या मंधात पांढरा चौकोन! "मावशी, काय गिळलं?" दुसरा काढला — चौकोन. तिसरा — चौकोन! मले सरळ कराले तो स्वतःच माही कंबर धरून उभा राहे. बिल्ल्याचं नाव काढलं असतं त तेजूचं नाव निंघालं असतं. पाच फोटो काढले! शेवटी म्हणे मशीनच बिघडली दिसते. पाचही फिलमा पिशवीत घालून देल्या बिचाऱ्यानं.

दाराले दरवाजा नाही, नुसता पडदा. पडद्याबाहेर बाकड्यावर एक पोटुशी बाई नंबर लावून बसली होती. माह्या चौकोनापायी तिचा खोळंबा झाला.

११ मार्च

बिल्ला गुपचूप तेजूच्या पर्समंधी ठेवला. कंबर दुखतेच. ताईत किरणाचा आहे, दुखण्याचा नाही.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत नाचली. कमरेले आज सुट्टी!

२१ मे

तेजू रडत आली. तो बिल्ला दर तीन महिन्यानं मोजाले पाठवतेत म्हणे. तिचा आकडा इतका चढला का मॅनेजरनं तिले मशीनीपासून हटवलं. चौकशी होईपर्यंत बाहेरच्या खिडकीवर पेशंटची नावं लिहाची. मॅनेजर म्हणते, एक त बेफिकिरीनं काम केलं, नाही त बिल्ला मुद्दाम मशीनीखाली ठेवला. मुद्दाम ठेवला असं ठरलं त नोकरीच जाते.

"मोजाले म्हणजे?" मी इचारलं.

"आजी, बिल्ला किरण अडवत नाही. अंगाले किती लागले ते मोजते फक्त."

अडवत नाही! मोजते! आन् मी त्याले कमरेले खोसून पाच बार मशीनीपुढं झोपवला.

तिले खरं सांगितलं नाही मी. भेकड म्हतारी.

२२ मे

आज गोड बोलून तेजूकडून सगळं काढून घेतलं. किरण दिसत नाही, वास नाही, पोळत बी नाही. थोडे लागले त अंग सावरून घेते. कामाचा असंन त फोटो काढावाच, भिऊन दवाखाना सोडू नाही. पण बेहिशोब लागले, नाही त वर्षानुवर्ष लागत राह्यले, त आतून बिघाड होते. चामडी, रगत, डोळे. पोटातल्या लेकराले त जास्तच जपा लागते. काई काई गोष्टी दहा-पंधरा वर्षानं कळतेत.

मी म्हटलं, हे त कापसाच्या फवारणीवानी झालं. कामापुरतं फवाराचं, तोंड बांधाचं, बाकीच्यायनं लांब राहाचं.

तेजू हासली! दोन दिवसानं हासली. "तेच आजी. वेळ कमी, अंतर जास्त, मंधात शिशाचा आडोसा. पण तू काऊन इचारून राह्यली?"

"ग्यान," म्हटलं.

ग्यान कायचं, पोरगी झोपल्यावर मी फिलमाची पिशवी काढून बसली.

२४ मे

सांगून टाकलं. "आजी!!" एवढंच बोलली. मंग म्हणे, लुगडं बदल, चाल. फिलमा घे.

दवाखान्यात चौकशीले हैदराबादहून सेफ्टीवाले साहेब आले होते. मॅनेजर त्यायच्या कानाशी लागला — मुसलम्मा, म्हणजे म्हतारी, नातीसाठी खोटं बोलते. तेलुगू मले बोलता येत नाही, समजते सगळी! पिशवी उपडी केली. साहेबानं पाचही फिलमा उजेडाच्या पाटीवर लावल्या, बाजूले तसाच एक बिल्ला धरला. तोच चौकोन, तोच चिमटा, आतल्या टिकल्या बी त्याच! साहेब इतके हासले का चष्मा काढून डोळे पुसले. "अम्मा, इतनी सर्विस में ऐसा केस नहीं देखा."

"अब देखा ना? लडकी को मशीन पे बिठाव."

तेजूची मशीन परत भेटली! बिल्ला घरी नेला म्हणून लेखी बोलणी खाल्ली, ते वेगळं. मी त तिथंच नाचणार होती.

पण साहेबाचं हासणं थांबलं. "अम्मा, पाँच बार किसने निकाला? कहाँ?"

मोतीराम! रुख्मिणीचा एकुलता एक. माहा गुन्हा, आन् रोजी त्याची जाते. तेजू माह्याकडं पाहून राह्यली होती. मले ते बाकडं दिसलं. तो पडदा. ती पोटुशी बाई.

सांगितलं.

३ जून

सेंटरले सील लागलं. परवानाच नव्हता म्हणतेत. मालक पळाला. मोतीराम काई मालक नाही, पण तोंड लपवाले जागा त्यालेच नाही.

नळावर रुख्मिणी भेटली. हंडा अर्धाच भरला आन् निंघून गेली. चाळीस वर्ष कापसाच्या ओळीत पातीले पात लावून निंदलं आमी. तिच्या पातीत गवत जास्त असलं त मी ओढून घेओ, माह्यात असलं त ती. कोणी कोणाले कधी म्हटलं नाही.

सत्य बोलून छाती हलकी होते म्हणतेत. लबाड आहेत सारे. माही त जड झाली.

६ जून

मोतीराम आला. शिव्या द्याले आला वाटून मीच पहिले बोलाले लागली. त्यानं माह्याकडं पाह्यलंच नाही. तेजूपुढं बसला, दोन्ही हात पुढं केले. नखं काळी. बोटाची चामडी तडकलेली, एका बोटावर उघडी जखम. "ताई, दोन वर्षं झाले, हे भरतच नाही. अकरा वर्षं पेशंटले असाच धरून उभा राह्यलो. सील लावाले आले तवा त्या साहेबानं हात पाह्यले आन् वहीत लिहून घेतलं. तू तरी सांग."

तेजू लई वेळ त्याचे हात हातात धरून बसली. मंग म्हणे, "हे किरणांचंच दिसते. उद्या पहिल्या गाडीनं हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात. मी येते संगं."

रुख्मिणी दाराबाहेर उभी होती. मी उठून तिचा हात धरला. तिनं सोडवला नाही.