किटली आपलीच समजा

१४ नोव्हेंबर १९३७
सेट पुरा झाला! किटली, साखरदाणी, दूधदाणी, कपबशा. निळी वेल, सोनेरी काठ. भंगारवाल्या कादरभाईने छावणीच्या जुन्या सामानातून एकेक हुडकून दिले. म्हणाला, कर्नल की मेमसाब के हैं, वकीलसाब. चिनी माती स्वयंपाकघरात येणार नाही, असे सौ.चे फर्मान. म्हणून मुक्काम बैठकीतल्या कपाटात, कायद्याच्या पुस्तकांशेजारी. उद्यापासून रोज दुपारी चारला आफ्टरनून टी. हिंगोलीला कोणीतरी वळण लावलेच पाहिजे.

१९ नोव्हेंबर
जिनिंग फॅक्टरीचे नवे मॅनेजर शंकरसिंग चहाला आले. वाशीमकडचे. फॅक्टरीचे वकीलपत्र आता माझ्या खिशात आलेच समजा! कप उचलून म्हणाले, लई नामी कप हाय, पंत. मी रिवाजाप्रमाणे म्हणालो, आपलाच समजा, घेऊन जा. यावर पाहुण्याने कानाला हात लावून नको नको म्हणायचे, म्हणजे दोघांची इज्जत राहते आणि कप कपाटात जातो. आमच्या मुलखात शेंबडे पोरही हे जाणते.
त्यांनी चहा संपवला, बशीसकट कप रुमालात बांधला आणि गेले.

२० नोव्हेंबर
वाशीमला हा रिवाज नसावा. उद्या कप परत आणतील.

२१ नोव्हेंबर
आले. कप आणला नाही. साखरदाणीची तारीफ केली. माझ्या तोंडून निघूनच गेले. सौ. नंतर म्हणाली, देववत न्हाई तर म्हणता काहून? बायकांना तहजीब कळत नाही. शिवाय वकीलपत्र मिळायचे आहे.

२ डिसेंबर, दुपारी साडेतीन
काल दूधदाणी गेली. निश्चय: आज तोंडातून अक्षर काढायचे नाही.

पाच वाजता
तारीफ झाली. मी गप्प. तेही गप्प, कप हातात धरून माझ्याकडे प्रेमाने बघत बसले. शेवटी म्हणालो.

९ डिसेंबर
कळमनुरीला काम आहे अशी थाप मारून दुपारीच निघालो आणि गावाबाहेर चिंचेखाली बसून राहिलो. दिवेलागणीला घरी आलो, तर शंकरसिंग ओसरीवर. म्हणाले, तुमच्याबिगर चहा घशाखाली उतरला न्हाई, म्हून थांबलो. किटलीखेरीज एक बशी उरली होती, ती नेली. स्वतःच्याच बैठकीत कैद झालो आहे.

१८ डिसेंबर
किटली कुलपात. चहा पितळी पेल्यांतून. शंकरसिंगांनी विचारले, किटलीची तब्येत बरी न्हाई का? कुलूप उघडावे लागले. त्यांनी ती उन्हात धरून पाहिली, खूप वेळ. मग तारीफ. खरे लिहितो, डोळ्यांत पाणी आले. तरी म्हणालो.

४ जानेवारी १९३८
सुटलो! शंकरसिंगांनी उद्या मला चहाला बोलावले आहे. बेत पक्का: मी तारीफ करणार, ते द्यायला निघणार, मी उचलणार. रिवाजबिवाज गेला खड्ड्यात. सौ.कडून मोठी पिशवी घेतली. गुंडाळायला जुने धोतर.

५ जानेवारी
सगळा सेट मांडला होता. गावचे पुनमचंद शेट होते, हेडमास्तर होते. मी घसा कोरडा होईपर्यंत किटलीची तारीफ केली. शंकरसिंग उठले, हात जोडून म्हणाले, आपलीच समजा, पंत, घेऊन जा. सगळे माझ्याकडे बघून राहिले. पिशवी मांडीवर होती. माझे दोन्ही हात वर गेले आणि मी कानाला लावले. नको नको, असेही म्हणालो.
शंकरसिंग खूश. म्हणाले, बराबर! शेटजींनी मले कालच हा रिवाज समजावला. पह्यले ठाऊक असता तर म्या तुमची येकबी चीज नेली नसती.
वकीलपत्राचे विचारले. कळले, ते फॅक्टरीच्या मालकांनी दिवाळीलाच नांदेडच्या वकिलाला दिले आहे. मी निघताना शंकरसिंग म्हणाले, उद्या चारला येतोच.
सौ.ने रिकामी पिशवी घडी घालून ठेवली. चहा दिला, पितळी पेल्यात. पेला छान आहे म्हणणार होतो. म्हणालो नाही.