पुलेतासीची लांबी

आई,
तुला, बाबांना आणि बेटावरच्या सगळ्यांना आपियाहून मासेलिनाचा नमस्कार.

तू शिवलेली पुलेतासी पोचली. तिचा परकर घोट्याच्याही खाली येतो, त्यामुळे लाकडी पाय कुणाला दिसत नाही. पाय दुखतही नाही, काळजी करू नकोस. बाबांचा खोकला थांबला का?

ऑफिसची लिफ्ट तीन महिने बंद आहे. माझ्यासोबत काम करणारा इओसुआ चाकाच्या खुर्चीतला. आमचा जन्मनोंदणी विभाग वरून तळमजल्यावर आणा, असा त्याने अर्ज केला. सकाळच्या प्रार्थनेनंतर साहेबांनी सगळ्यांना विचारलं, "जिन्याचा आणखी कुणाला त्रास आहे? एकट्यासाठी अख्खं ऑफिस हलवू का?"

मी पाय टेबलाखाली ओढून घेतले आणि गप्प बसले. नोकरीच्या फॉर्मवर 'अपंगत्व नाही' असं लिहिलंय ना आपण.

आता त्याला खाली पहारेकऱ्याशेजारी बसवलंय, पाकिटं चिकटवायला. बारा वर्षं नोंदी लिहिणारा माणूस गं!

आणि आई, माझ्या पायाचं त्याला ठाऊक होतं. मला जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून लाकडी पायाचे पट्टे आवळताना त्याने कितीदा पाहिलंय. तरी साहेबांसमोर त्याने माझं नाव काढलं नाही. काल मी वर निघाले, तर म्हणाला, "जपून गं, पायऱ्या ओल्या आहेत."

तू माझ्या भल्यासाठीच लपवलंस. पण ही पुलेतासी मी आज कापून पोटरीपर्यंत आणली. सोमवारी प्रार्थनेला हीच घालून उभी राहीन. पुढे नोकरीचं काय होईल ते होवो.

तुझे कडेचे बारीक टाके उसवले, त्याची माफी तुझ्याकडे मागते. इओसुआकडे कोणत्या तोंडाने मागू?

तुझीच,
मासेलिना