दलदलीकाठची जागा

प्रिय हाल्वार,

‘प्रिय’ सवयीनं लिहून गेले, राहू दे आता. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. परवा क्नुत आला होता. कॉफी पिऊन झाली, हवापाण्याचं बोलून झालं आणि मग हातातली टोपी फिरवत म्हणाला, "हाल्वार परत आलाय, बहिणीकडे उतरलाय. या वर्षी एल्क हरणांच्या शिकारीला आपल्या टोळीत येतो म्हणतो. त्याची दलदलीकाठची दबा धरायची जागा त्याला देऊन टाक की! तू तळावर सूप कर. तुझ्या हातच्या सुपाला तोड नाही." टोळीचा प्रमुख झाला, पण सरळ बोलायची हिंमत नाही, सुपाआडून बोलतो. मी म्हटलं, "सुपाची एवढी आवड असेल तर तूच शिकून घे." जागा मी देणार नाही, हाल्वार. आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच आशेवर वाचत बसायला नको.

तू त्या बाईबरोबर बर्गनला निघून गेलास, त्या वर्षी टोळीनं त्या जागेसाठी चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली तेव्हा सगळे हसले. हसणारच. माझा नेम चुकतो हे साऱ्या गावाला तोंडपाठ करून ठेवलं होतंस तू. चांदमारीच्या मैदानावर माझी पाळी आली की म्हणायचास, "सोलफ्रिद नेम धरतेय ना, मग निशाणापाशीच जाऊन उभे राहा, तिथे काही भीती नाही." मीसुद्धा हसायचे. मला फार लागायचं ते, पण हसायचे.

तळघरात बसून काडतुसं भरताना तुझं कसं ध्यान लागायचं! पितळी कवचं घासूनपुसून रांगेत मांडायचास, बंदुकीची दारू कणाकणानं तोलायचास. मी जिन्यावरून चहाला हाक मारली तर ओरडायचास. आणि टोळीतल्या प्रत्येकाला बजावायचास, दुसऱ्याच्या बंदुकीसाठी भरलेलं काडतूस आपल्या नळीत घालायचं नाही, प्रत्येक नळीची तऱ्हा वेगळी. मग माझ्या बंदुकीला तुझ्याच डब्यातली काडतुसं का रे? "दोन्ही नळ्यांचं माप एकच आहे, कशाला दोनदा खटाटोप?" म्हणायचास. प्रत्येक बाराला बंदुकीचा दस्ता असा काही बसायचा की आठवडाभर खांदा काळानिळा. पुढे पुढे चाप ओढण्याआधीच माझे डोळे मिटायला लागले. तुला सांगितलं तर म्हणालास, "घट्ट धरायला शिक. बायकांचा खांदाच नाजूक." मी मुकाट घट्ट धरायला लागले, आणि नेम आणखीच चुकायला लागला.

जाताना सगळं नेलंस, फक्त तळघरातलं ते टेबल आणि काडतुसं भरायचं यंत्र राहिलं. तिला म्हणे दारूचा वास सोसत नव्हता. बरं झालं. पहिला हिवाळा मी त्या टेबलाकडे नुसती रागानं बघत होते. मग एकदा वाटलं, बघू तरी एवढं काय आहे त्यात. हलकी गोळी घेतली, दारूच्या मापांच्या तक्त्यातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात केली आणि वेगवेगळ्या मापाची मोजकीच काडतुसं भरली. मैदानावर जायचं, झाडायची, कागदावरची भोकं बघायची, घरी येऊन पुन्हा जरासा फरक करायचा. बरेच रविवार गेले त्यात. काही मापांना भोकं शेतात कोंबड्या सोडल्यासारखी पांगलेली. आणि मग एका रविवारी कागद उतरवून आणला तर सगळी भोकं एकमेकांना चिकटलेली, वर कॉफीच्या कपाची बशी ठेवली असती तर दिसली नसती. खांदा दुखत नव्हता. डोळे उघडे होते. मला तिथेच रडू कोसळलं, आणि ते आनंदाचं नव्हतं, रागाचं होतं. माझ्या खांद्याला काहीही झालेलं नव्हतं, हाल्वार. इतकी वर्षं मी तुझी काडतुसं झाडत होते.

गेल्या शरदात त्याच जागेवरून मी एक मोठा नर पाडला. चार पावलंसुद्धा पळाला नाही. क्नुतच्या कोठारात मांस कापताना कोणी विनोद केला नाही. यंदाच्या शिकारीआधीच्या नेमबाजीच्या परीक्षेतही माझी एक गोळी बाहेर गेली नाही. क्नुत म्हणाला, "आज वारा पडला होता म्हणून." मी म्हटलं, "तुझ्या वेळी काय वादळ होतं का?" त्याची दोन बाहेर गेली होती.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. गुन्वोर काल दुकानात भेटली. माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नकोस. त्याचा उजवा हात थरथरतो गं. काडतुसं भरायचं नवं यंत्र आणलंय, पण दारू तोलायला बसला की निम्मी टेबलावर सांडते. मग तसाच बसून राहतो." तुझी बहीण अजून मला वहिनीच म्हणते. तेव्हा कळलं तुला दलदलीकाठचीच जागा का हवी ते. तिथे बंदूक टेकवायला कठडा आहे. अरे, मग तसं सांगायचंस ना! क्नुतला पुढे करून हक्क कसला सांगतोस? जागा तरीही मी सोडणार नाही. पण आज सकाळी टेकडीवरच्या रिकाम्या जागेला कठडा ठोकून आलेय, तुझ्या उंचीला बेतून. शनिवारी तुझी बंदूक घेऊन मैदानावर ये. तुझी काडतुसं मी भरेन, तुझ्याच बंदुकीसाठी, तुझ्या आताच्या हाताला झेपतील अशी. घाई करायची नाही, मला शिकवायचं नाही. आणि प्रत्येक बारानंतर मी तुला विचारणार आहे, दुखलं का म्हणून. तू मला एकदाही विचारलं नाहीस. तू मात्र खरं उत्तर दे.

आता तुझी नसलेली,
सोलफ्रिद