एका शनिवारची दोन आभाळं

१२ जानेवारी.
कपडे वाळत घालायच्या बांबूवर नाकतोड्याची अंडी सापडली. थेट माझ्या डोक्याच्या वर! आमच्या निइगाताच्या डोंगरात पोरंसोरंही जाणतात, नाकतोडा अंडी घालतो तिथवर बर्फ चढतो. स्कीच्या उतारावर अजून गवत दिसतंय, पण आता आमच्या लॉजची काळजी मिटली. मोठं वादळ नक्की. फुमिएला सांगितलं. ती म्हणाली, अहो, आधी छपराची शिडी दुरुस्त करा. उद्या करतो.

१४ जानेवारी.
तोक्योहून हिरोसे नावाच्या पोराचा फोन. दोघं स्कीवाले. शनिवारी बर्फ मिळेल ना, मालक? म्हटलं, कमरेएवढा! खोली पक्की.
दुपारी कुवाबाराबाईंचा फोन. साठीच्या चौघी मैत्रिणी, कड्यापर्यंत चालत जायचंय. शनिवारी आभाळ मोकळं असेल ना? म्हटलं, आरशासारखं लख्ख! खोली पक्की.
फुमिए मुळा किसत ऐकत होती. म्हणाली, एकाच शनिवारी दोन आभाळं? मी समजावलं, वादळ रात्री येईल. दिवसा ऊन, रात्री बर्फ, सगळे खूश. तिला धंद्यातलं कळत नाही. शिडी उद्या.

१७, शुक्रवार.
हवामान खातं म्हणतं, वादळ उद्या दुपारीच. खात्यात नाकतोडे नसतात. पाहुणे आले. जेवताना कुवाबाराबाईंनी पुन्हा विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते, फार बरं वाटलं. म्हटलं, वादळ रात्रीच. फुमिएने मोबाइल पुढे केला, मी सूप वाढायला घेतलं.

१८, शनिवार. सकाळ.
ऊन! चौघी निघाल्या. दुपारच्या जेवणाला परत येतील. जाड हातमोजे म्हणजे उगाच ओझं, असं मी सुचवलं. फुमिएने ते मुद्दाम पिशव्यांत कोंबले, वर भाताचे गोळे. हिला घाबरायची हौसच आहे.

अकरा वाजता.
बर्फ. स्कीवाले अंगणात नाचले. मालक, तुम्ही देवमाणूस!

बारा.
लाकडांचा ढीग दिसेनासा झाला. ही नुसती नांदी आहे. असावी.

एक.
हिरोसेने विचारलं, त्या बायका कुठायत? म्हटलं, वाटेत चहा घेत असतील. वाटेत चहा मिळत नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मग दोघांनी दोर घेतला, स्की चढवल्या आणि गेले. फुमिएने बचाव पथकाला फोन केला आणि दारात उभी राहून पातेलं बडवायला लागली, आवाजाच्या रोखाने येतील म्हणून. मीही जाणार होतो. गुडघा दुखतोय.

अडीच.
फुमिए पाणी तापवतेय. पातेलं माझ्याकडे आहे. मला भीती वाटतेय. देवा, त्यांना आण.

संध्याकाळ.
आल्या. चौघीही. दोराला धरून, स्कीवाल्यांच्या मागे. कुवाबाराबाईंची बोटं पांढरी पडली होती. हातमोजे नसते तर, एवढंच म्हणाल्या. चहा झाल्यावर त्यांनी फुमिएला विचारलं, उद्या कसं असेल हो? मला कुणी विचारलं नाही.

१९, रविवार.
फुमिएला बांबू दाखवला. म्हटलं, वेळ चुकली असेल, पण वादळ आलंच ना! ती म्हणाली, अहो, हा बांबू गवतात आडवा पडला होता. नोव्हेंबरात मीच उचलून वर बांधला.
म्हणजे अंडी जमिनीलगत. म्हणजे यंदा बर्फ पडायलाच नको होता. इकडे खिडक्या बुडाल्यात. छपरावर चढायला हवं, शिडी मोडकी.
आत्ताच फोन वाजला. पुढच्या शनिवारी हवा कशी असेल, विचारत होते.
म्हटलं, थांबा, बायकोला देतो.