सात महिने बाकावर

मंगळवार, ५ नोव्हेंबर. अवधपुरी

परवा लिहिलं त्यात एक खोटं आहे. शेवटच्या संध्याकाळी आईने मला प्रार्थनेला बोलावलं नाही, असं लिहिलं. तिने बोलावलं होतं. मीच म्हणाले, "रोज तेच तेच, कंटाळा आलाय मला." पहाटे ती गेली.

तेव्हापासून चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घ्यायला सगळे पुढे जातात आणि मी बाकावर बसून राहते. सात महिने. माझ्यासारखीने तो प्याला कसा घ्यायचा?

आज मेथी निवडताना बाबांनी विचारलंच, पुढे का जात नाहीस. सांगून टाकलं सगळं. रडलेही.

ते निवडतच राहिले. म्हणाले, "आई हसत होती गं त्या दिवशी. म्हणाली, पोरगी आज देवासमोर पहिल्यांदा खरं बोलली." मग पुढची काडी उचलत, "आणि लायक झाल्यावरच जायचं असतं, तर मीही तुझ्या शेजारी बाकावरच असतो, बाळा. पापी माणसांसाठीच मांडलंय ना ते भोजन?"

बाकावर बसणं मला नम्रपणाचं वाटत होतं. की देवाची क्षमाच नाकारत होते मी? असेल. भीती आहे अजून थोडी, पण किती हलकं वाटतंय.

प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. म्हणजे एक डिसेंबरला. त्या दिवशी मी उठून पुढे जाणार.