दिवा लाल होता, आप्पा

प्रिय आप्पा,

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहितेय. एकदा डोळ्यांत थेंब घातले की अक्षर दिसायचं नाही, म्हणून घाई. कुणाकडून तरी वाचून घ्या. मलाही टीबी झालाय. तुम्हाला होत्या त्याच गोळ्या चालू आहेत. आणि आज सकाळी पिरंगुटला कंपनीत मशीनवरचा लाल दिवा मला मातकट दिसला! शेजारची ओरडली, "अगं लाल हाय की, हात काढ!" तुम्ही आठवलात आणि मी तशीच सुट्टी टाकून इथे आले.

तो दिवस आठवतो? एकेक मेंढी तोंडावरून ओळखणारे तुम्ही, आणि भिकूतात्याच्या मेंढ्या आपल्यात हाकून आणल्यात. आपल्या मेंढ्यांच्या पाठीवर लाल पट्टा, त्याच्या मेंढ्यांवर हिरवा. तात्या भांडायलाच आला. "डोळं फुटलं का रं?" तुम्ही हसलात. "चुकलं गड्या, ऊन लई हाय." ऊन? आभाळ भरून आलं होतं, आप्पा!

दवाखान्यातही तेच. नीट दिसतंय का विचारलं, तर "दिसतंय की!" मग बघता बघता ताटातली भाकरीही दिसेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, टीबीच्या गोळ्यांतलं एक अँटिबायोटिक क्वचित कुणाच्या डोळ्यांच्या नसेवर जातं. लवकर सांगितलं तर औषध बदलता येतं, नजर परत येऊ शकते. तुमची आली नाही.

अजून राग येतो मला तुमचा. का लपवलंत? तर म्हणे, "गोळ्या थांबल्या आसत्या तर परीला पुन्यांदा लांबच ठिवली आसती तुमी." नातीला जवळ घ्यायची एवढी ओढ! मग ती मांडीवर आली, आणि तुम्ही तिचं नाक, हनुवटी बोटांनी चाचपत बसलात. "कुणावर गेलीया गं?" तुमच्यावरच गेलीय, आप्पा!

आता मी तोंडाला फडकं बांधून घरात वावरते. परी दारातूनच विचारते, "आई, कधी जवळ घेणार?" गोळी थांबली तर आजार उलटेल का? चालू राहिली तर?

माझं नाव पुकारलं. शब्द देते, आत जाऊन मी "दिसतंय की" म्हणणार नाही. लाल रंग मातकट दिसतो, माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं, हे सगळं सांगेन. परी मांडीवर उशिरा आली तरी चालेल. ती येईल तेव्हा मला तिचं तोंड बघायचंय.

तुमची,
सुनी